गॅस गीझर आणि बंद बाथरूम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीच्या आसपास गार वारा सुटला की गॅस गीझरबद्दलचे प्रश्न सुरू होतात आणि संक्रांत उलटेपर्यंत थांबत नाहीत. त्यातले जे पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. इथे गीझर म्हणजे भिंतीवर टांगायचा, नळ सोडला की आपोआप पेटणारा, सिलिंडरवर चालणारा, मिनिटाला ५-६ लिटर पाणी तापवणारा गीझर, विजेचा नव्हे. शेवटचे दोन प्रश्न खोली गरम करायच्या गॅस हीटरचे आहेत. दोन्हींचं दुखणं एकच: जळून झालेली हवा घराबाहेर नेणारी नळी यांना नसते.

घरात आत्ता कोणी बेशुद्ध पडलं असेल तर बाकी सगळं सोडा, थेट प्रश्न ११ वाचा.

१. गॅस गीझरमुळे माणूस दगावतो तो नेमका कशाने? गॅस गळला तर वास येईलच ना?

वास येतो तो न जळलेल्या गॅसला. एलपीजीला स्वतःचा वास जवळजवळ नसतो, म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन हे उग्र वासाचं रसायन मुद्दाम घालतात. गीझर पेटला की तेही गॅसबरोबर जळून जातं. बाथरूममध्ये घात करतो तो जळताना तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. डोळे चुरचुरत नाहीत, ठसका लागत नाही.

भरपूर हवा मिळाली तर एलपीजी जळून कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. हवा कमी पडली की जळणं अर्धवट राहतं आणि मोनॉक्साइड सुटतो. हा रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० ते २५० पट घट्ट चिकटतो. श्वास चालू असतो, छाती वरखाली होत असते, पण रक्त ऑक्सिजन वाहून नेत नाही. आधी डोकं जड होतं, मग पायातलं बळ जातं. घोळ असा की दार उघडून बाहेर पडावं हे सुचवणारा मेंदूच सर्वांत आधी मंदावतो. म्हणून हात पुढे केला तर पोचेल इतक्या अंतरावर कडी असूनही माणूस आत पडतो.

२. आमच्या बाथरूमला छोटी खिडकी आहे. गीझर आत बसवला तर चालेल का?

नाही. खिडकी असली तरी नाही. बहुतेक कंपन्यांच्या माहितीपुस्तिकेतही गीझर बाथरूमबाहेर, मोकळ्या हवेत लावा असंच लिहिलेलं असतं. ती पुस्तिका थर्माकोलबरोबर रद्दीत जाते, एवढंच.

हिशेब करून बघा. ६ लिटरचा गीझर पूर्ण चालला तर तासाला साधारण १ किलो गॅस खातो. १० मिनिटांत झाला सुमारे १६० ग्रॅम, म्हणजे तीनेक बादल्या गरम पाणी. एवढा गॅस नीट जळायला साधारण २,००० लिटर हवा लागते. आता ४ फूट बाय ६ फूट, ८ फूट उंच बाथरूम घ्या. त्यात एकूण हवा ५,४०० लिटरच्या आसपास. म्हणजे दार-खिडकी लावून १० मिनिटं गीझर चालवला तर तिथल्या हवेतला तिसऱ्या हिश्श्याहून अधिक ऑक्सिजन एकटा बर्नर खाऊन टाकेल, आणि त्याच हवेत तुम्ही श्वास घेत असाल. प्रत्यक्षात तोवर थांबावंही लागत नाही. हवेतला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १८ च्या खाली घसरू लागला की ज्योत बिघडते आणि मोनॉक्साइड भराभर वाढतो.

आणखी एक तुलना. अमेरिकेत नळी नसलेला गॅस हीटर बाथरूममध्ये लावायला जिथे परवानगी आहे, तिथेही त्याची ताकद ताशी ६,००० बीटीयूपेक्षा (बीटीयू हे उष्णतेचं माप) जास्त चालत नाही. आपला ६ लिटरचा गीझर जवळजवळ ४०,००० बीटीयूचा असतो.

३. दहा-बारा वर्षं वापरतोय, काही झालं नाही. आता का घाबरायचं?

कारण दहा वर्षांपूर्वीचा गीझर, बाथरूम आणि वापर आज तसाच राहिलेला नाही. बर्नरवर गंज आणि धूळ बसते, वरच्या तांब्याच्या पट्ट्यांमध्ये काजळी भरते आणि जळलेली हवा वर निघायची वाट चोंदते. घराचं रंगकाम काढलं की जुनी काचपट्ट्यांची खिडकी काढून घट्ट बसणारी स्लायडिंग लावतात. दाराखालची फट रबर लावून बुजवतात. पूर्वी दोन बादल्यांत अंघोळ व्हायची, आता मुलं १५ मिनिटं शॉवरखाली उभी असतात.

दिवाळीची पहाट यात सर्वांत वाईट. थंडी म्हणून खिडकी बंद, आणि अभ्यंगस्नानाला घरातले चार-पाच जण एकामागून एक. पहिल्याला काही होत नाही. तिसरा किंवा चौथा आत जातो तोवर आधीच्यांच्या अंघोळीची हवा तिथे साठलेली असते. त्यात बरेचदा पाहुणा किंवा घरातलं लहान मूल असतं, ज्याला ‘डोकं दुखलं तर बाहेर ये’ असं कोणी सांगितलेलं नसतं.

४. मग गीझर बसवायचा कुठे?

बाथरूमच्या बाहेर, जिथे दोन बाजूंनी किंवा निदान एका बाजूने पूर्ण मोकळी हवा आहे तिथे. वाड्यात किंवा बंगल्यात मागची पडवी, फ्लॅटमध्ये उघडी ड्राय बाल्कनी. तिथून गरम पाण्याचा पाइप आत न्यायचा. पाइप लांबला तर सुरुवातीचं थोडं गार पाणी वाया जातं, पण तेही बादलीत धरता येतं.

झोपायच्या खोलीत नको. जिन्याखालच्या कोनाड्यात, कपाटात, फर्निचरच्या मागे नको. पावसाचा झोत आणि थेट वारा लागेल अशा जागीही नको. वाऱ्याने ज्योत विझते किंवा आतल्या आत फिरते. स्वयंपाकघरात लावायचा तर समोरासमोर हवा खेळती हवी आणि तिथून बाथरूमचं दार लगेच लागून नको.

५. ड्राय बाल्कनीत आहे, पण कबुतरांसाठी जाळी आणि पावसासाठी स्लायडिंग लावलंय. हे ‘बाहेर’ धरायचं का?

जाळी चालते. स्लायडिंग बंद केलं की ती बाल्कनी राहत नाही, खोली होते. गीझर चालू असताना निदान अर्धी काच उघडी राहील अशी सोय करा. नुसतं ‘लक्षात ठेवून उघडू’ यावर विसंबू नका. सर्वांत खात्रीचं म्हणजे वरच्या बाजूची एक काच काढूनच टाकायची आणि तिथे जाळी बसवायची.

यात एक पेच आहे. बाल्कनी बंद, बाथरूम तिला लागून, आणि बाथरूममध्ये एक्झॉस्ट फॅन. फॅन बाथरूममधली हवा बाहेर फेकतो आणि तेवढीच हवा दाराखालून आत ओढतो. बाल्कनी बंद असेल तर तो गीझरची जळलेली हवाच ओढून अंघोळ करणाऱ्यापर्यंत आणतो. गीझर बाहेर असूनही त्रास होतो तो असा. म्हणून आधी बाल्कनी उघडी हवी.

६. बाथरूममध्येच गीझर ठेवून एक्झॉस्ट फॅन लावला तर प्रश्न मिटला ना?

मिटला नाही. फॅनने हवा बाहेर टाकायची तर खालून ताजी हवा आत यायला कायमचा झरोका हवा. तो नसेल तर पंखा नुसता घरघरतो. शिवाय गॅस गीझरची ठिणगी दोन सेलवर चालते. वीज गेली की फॅन बंद पडतो, गीझर मात्र चालूच राहतो. ‘लोडशेडिंगमध्येही गरम पाणी’ म्हणून आपण ज्या गुणासाठी तो घेतला, तोच इथे अंगावर येतो.

७. भाड्याचं घर आहे. मालक पाइपसाठी भिंतीला आरपार भोक पाडू देत नाहीत. काय करू?

विजेचा गीझर घ्या. माझं मत विचाराल तर बाहेर जागाच नसेल तिथे हाच एक मार्ग. ३ किलोवॅटचा इन्स्टंट गीझर भिंतीला दोन भोकांत बसतो, फक्त वायरिंग १५-१६ अँपियरचं आणि अर्थिंग नीट असल्याची खात्री इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

ते होईपर्यंतची सोय अशी: दार आणि खिडकी सताड उघडी ठेवून बादल्या भरायच्या. गीझर बंद, रेग्युलेटर बंद. थोडा वेळ हवा खेळू द्यायची, मग आत जायचं. आत असताना गरम पाण्याचा नळ सोडायचा नाही, ‘अजून अर्धी बादली’ म्हणूनही नाही. लहान मुलं, गरोदर बाई आणि हृदयविकाराचा त्रास असलेल्यांनी तर अजिबात नाही. पोटातल्या बाळाच्या रक्तातून मोनॉक्साइड आईच्या रक्तापेक्षा सावकाश निघतो. दाराला बाहेरूनही उघडता येईल अशी कडी लावून घ्या. याला मालक हरकत घेत नाहीत.

८. ज्योत निळी आहे. म्हणजे सगळं ठीक समजायचं?

पिवळी, लांब जिभेसारखी, काजळी सोडणारी ज्योत म्हणजे बिघाड नक्की. त्याच दिवशी बंद करा. पण निळी ज्योत म्हणजे त्या क्षणी बर्नर बरा जळतोय, इतकंच. बंद जागेत सुरुवातीला निळी असलेली ज्योत पाच मिनिटांनी तशी राहीलच असं नाही, आणि तुम्ही तेव्हा डोळ्याला साबण लावून बसलेले असता.

वर्षातून एकदा, थंडीच्या आधी सर्व्हिसिंग करून घ्या. माणूस आला की त्याला कव्हर उघडायला सांगा आणि स्वतः बघा: बर्नरच्या फटी मोकळ्या आहेत का, तांब्याच्या पट्ट्यांतून पलीकडचा उजेड दिसतो का, जेटपाशी (गॅस बर्नरमध्ये सोडणाऱ्या बारीक छिद्रापाशी) कोळ्याचं जाळं आहे का. नुसते सेल बदलून आणि बाहेरून फडकं मारून तो निघाला तर ते सर्व्हिसिंग झालं नाही. गीझरच्या वरच्या झरोक्याभोवती भिंत काळी पडली असेल तर ती रंगवू नका, आधी कारण शोधा. रबरी नळी दर पाच वर्षांनी बदलायची असते. साबणाच्या पाण्याने सांधे तपासणं हे गळतीसाठी आहे, मोनॉक्साइडशी त्याचा संबंध नाही.

९. नवीन मॉडेलमध्ये २० मिनिटांचा टायमर आणि ऑक्सिजन सेन्सर असतो म्हणे. मग तो आत लावायला काय हरकत?

टायमरचा खरा उपयोग नळ चुकून चालू राहिला तर. छोट्या बाथरूमला २० मिनिटं फार होतात (हिशेब प्रश्न २ मध्ये). बहुतेक गीझरमध्ये नळ बंद करून पुन्हा सोडला की टायमर नव्याने सुरू होतो, म्हणजे दुसऱ्याच्या अंघोळीला पहिल्याची साठलेली हवा आणि वर पूर्ण २० मिनिटं.

ऑक्सिजन सेन्सर हवेतला ऑक्सिजन साधारण १८ टक्क्यांवर आला की गॅस तोडतो. चांगली सोय आहे, पण तो मोनॉक्साइड मोजत नाही. बर्नर चोंदलेला असेल तर ऑक्सिजन पुरेसा असतानाही मोनॉक्साइड तयार होतो आणि सेन्सर गप्प बसतो. खरेदी करताना आयएसआय खूण, आयएस १५५५८ हा क्रमांक आणि हे सेन्सर जरूर बघा. बसवायची जागा मात्र त्याने बदलत नाही.

१०. घरात गॅस डिटेक्टर लावलाय. तो वाजेल ना?

कुठला लावलाय त्यावर आहे. बाजारात सहज मिळतो तो एलपीजी गळतीचा. एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून तो जमिनीजवळ लावतात. त्याला मोनॉक्साइड कळत नाही. त्यासाठी वेगळा कार्बन मोनॉक्साइड अलार्म लागतो. हा वायू हवेइतकाच, किंचित हलका असतो, म्हणून अलार्म पुस्तिकेत दिलेल्या उंचीवर, सहसा डोक्याच्या पातळीच्या आसपास लावायचा. बाथरूममध्ये लावू नका, वाफेने खराब होतो.

युरोपच्या मानकाप्रमाणे बनवलेला अलार्म हवेत ३०० पीपीएम (दहा लाख भागांत ३०० भाग) मोनॉक्साइड असेल तर ३ मिनिटांच्या आत वाजतो, १०० पीपीएमला १० ते ४० मिनिटं घेतो. म्हणजे बाहेरच्या खोलीतला अलार्म वाजेपर्यंत बंद दारामागचा माणूस कोसळलेला असू शकतो. ड्राय बाल्कनीला लागून असलेल्या खोलीत लावला तर पैसे वसूल. आतल्या गीझरला परवाना म्हणून लावला तर उगाच धीर. सेन्सरचं आयुष्य ठरावीक वर्षांचं असतं, मागे तारीख छापलेली असते, ती बघा.

११. हाक मारली तर बाथरूममधून उत्तर येत नाही. पाणी मात्र वाहतंय. काय करायचं?

वाट बघायची नाही. दार उघडा, उघडत नसेल तर तोडा. एकाने त्याच वेळी रेग्युलेटर बंद करायचा. श्वास रोखून आत जा, माणसाला बगलेतून धरून बाहेर मोकळ्या हवेत ओढा. कपडे, लाज, शेजारी यांचा विचार नंतर; अंगावर चादर टाका. आत थांबून तोंडावर पाणी मारत बसू नका. वाचवायला गेलेला दुसराही तिथेच पडतो.

१०८ ला फोन करा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० या गतीने जोरात दाब देत राहा. कांदा किंवा चप्पल हुंगवणं, लिंबूपाणी पाजणं यात वेळ घालवू नका. आणि सर्वांत महत्त्वाचं, डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा: ‘गॅस गीझर चालू होता.’ नाहीतर चक्कर, बीपी, साखर, हार्ट अटॅक असा शोध सुरू होतो.

गॅसचा वास येत असेल तर प्रकरण गळतीचं आहे: विजेचं कोणतंही बटण चालू-बंद करू नका, बाहेर या आणि १९०६ ला कळवा.

१२. माणूस शुद्धीवर आला, ऑक्सिमीटरवर ९८ दाखवतंय. तरी दवाखान्यात न्यायचं?

न्यायचं, नक्की. कोविडनंतर घरोघरी आलेलं ते चिमट्याचं यंत्र इथे फसवतं. मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजनवालं हिमोग्लोबिन यांतला फरक त्याला कळत नाही, म्हणून माणूस गुदमरलेला असतानाही ९८ दिसू शकतं. हे मोनॉक्साइडवालं हिमोग्लोबिन (कार्बॉक्सिहिमोग्लोबिन) रक्ताच्या वेगळ्या तपासणीत मोजतात.

साध्या हवेत ते निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण तास-दीड तास. लवकर उपचार हवा तो यासाठी. काहींना बरं वाटल्यावर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी विसराळूपणा, चिडचिड, चालण्यात फरक असे त्रास सुरू होतात. तसं दिसलं तर पुन्हा डॉक्टरांकडे जा आणि जुनी घटना सांगा.

१३. आमच्या मुलीला अंघोळ करताना दोनदा फिट आली. फिट्सचं औषध चालू आहे. गीझरचा संबंध असेल का?

असू शकतो, आणि ही शंका डॉक्टरांसमोर मांडायलाच हवी. भारतातल्या मेंदूविकार तज्ज्ञांनी अशा रुग्णांचं वर्णन ‘गॅस गीझर सिंड्रोम’ या नावाने केलं आहे: बाथरूममध्ये शुद्ध हरपणं, झटके येणं, ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींची तपासणी) आणि स्कॅन बऱ्याचदा साधे. डोक्यावर गरम पाणी ओतल्यामुळे येणारी फिट हाही वेगळा, खरा आजार आहे. त्यामुळे अंदाजाने काही ठरवू नका. गीझर कुठे आहे, किती मिनिटांनी फिट आली, इतर वेळी कधी आली का, हे लिहून न्या. औषध मनाने बंद करू नका. बाथरूममधला गीझर मात्र आजच बंद करा.

१४. आमच्याकडे पाइप गॅस आलाय. तो हलका आणि सुरक्षित असतो ना?

गळतीच्या बाबतीत फायदा आहे, हलका असल्याने वर जाऊन निघून जातो. जळण्याच्या बाबतीत काडीचा फरक नाही, प्रश्न १ ते ६ जसेच्या तसे लागू. जुना सिलिंडरचा गीझर तसाच पाइपला जोडू नका, दोन्हींचे जेट वेगळे असतात. उलटं, पाइप गॅसचा गीझर सिलिंडरला जोडला तर गॅस गरजेपेक्षा जास्त जातो, ज्योत पिवळी होते आणि काजळी धरते.

१५. सासूबाई बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवतात, धुरी देतात. हेही तसंच का?

तसंच, किंबहुना जास्त. धगधगता कोळसा धूर न करता मोनॉक्साइड सोडत राहतो. ‘धूर गेला, आता निखारे आत आणा’ हीच ती वेळ. सासूबाईंना शेक बंद करा म्हणायची गरज नाही, त्यामागची माया खरी आहे. गरम पाण्याची पिशवी, शेकाचा विजेचा पॅड, कढत पाण्याची अंघोळ यांनी तेच साधतं. शेगडीच हवी असा आग्रह असेल तर ती ओसरीवर. बाळ असलेल्या बंद खोलीत कधीच नको, आणि रात्री तर विषयच नको.

१६. डिसेंबरात मनाली, काश्मीर, लेहला जातोय. हॉटेलवाले खोलीत गॅस हीटर देतात. घ्यावा का?

झोपण्याआधी खोली गरम करून घ्या, हीटर बंद करून सिलिंडरसकट खोलीबाहेर ठेवायला लावा आणि मग जाडजूड रजया मागवा. चालू हीटरसमोर झोपू नका. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन इथे एका रिसॉर्टच्या खोलीत गॅस हीटर लावून झोपलेले केरळचे ८ पर्यटक दगावले, त्यांत ४ लहान मुलं होती. दारं-खिडक्या आतून बंद होत्या.

लेहची उंची ११,५०० फुटांच्या आसपास. हवा आधीच विरळ. डोकेदुखी, मळमळ, थकवा ही उंचीच्या त्रासाची लक्षणं, आणि मोनॉक्साइडचीही तीच. ओळखायची खूण अशी: एकाच खोलीतल्या सगळ्यांना एकदम त्रास होतोय आणि बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर उतरतोय, तर हीटरवर संशय घ्या. नुसत्या गोळ्या घेऊन पुन्हा त्याच खोलीत झोपू नका. निखाऱ्यांच्या कांगडीला आणि बिनधुराड्याच्या बुखारीलाही (खोली गरम करायच्या लोखंडी शेगडीलाही) हाच नियम.

१७. मुलगा अमेरिकेत असतो. त्याने वीज गेल्यावर लागेल म्हणून व्हेंट-फ्री (धूर बाहेर नेणारी नळी नसलेला) प्रोपेन गॅसचा हीटर घेतलाय. तिथली वस्तू म्हणजे सुरक्षितच असेल?

तिथेही यावर एकमत नाही. कॅलिफोर्नियात राहत्या घरात असे हीटर लावायला बंदी आहे, अनेक राज्यांत चालतात. जिथे चालतात तिथे ऑक्सिजन सेन्सर सक्तीचा, आणि बाथरूमची मर्यादा प्रश्न २ मध्ये दिली आहे. बेडरूमसाठी ती १०,००० बीटीयू आहे.

मुलाला एवढं विचारा: हीटर घरातल्या वापरासाठीच आहे ना? बाहेर अंगणात किंवा तंबूबाहेर वापरायचे प्रोपेन हीटर दिसायला सारखेच असतात आणि त्यांना सेन्सर नसतो. मोठा सिलिंडर घरात तर आणला नाही ना? प्रत्येक मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांजवळ मोनॉक्साइड अलार्म आहे ना, आणि तो सेलवर चालतो ना? फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळात टेक्सासमध्ये वीज गेली तेव्हा लोकांनी घरात बार्बेक्यू पेटवले, गॅरेजमध्ये जनरेटर आणि गाड्या चालू ठेवल्या, आणि विषबाधेचे रुग्ण इस्पितळांत भरले. हीटर लावलाच तर एक खिडकी बोटभर उघडी, कोणीतरी जागं, आणि झोपायच्या वेळी बंद. तिकडे अलार्म वाजला तर सेल काढून टाकायचे नसतात. सगळ्यांनी बाहेर पडून ९११ ला फोन करायचा असतो.